औद्योगिक विषद्रव्यांचे जिवाणूंद्वारे विघटन : उणिवेचा शोध

प्रस्तावना

पदवी स्तरावरील सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात जैवोपचाराचा विषय निघाला की आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या ‘सुपरबग’चा उल्लेख हमखास होतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करीत असताना चक्रवर्ती यांनी स्युडोमोनास प्रजातीच्या एका जिवाणूत खनिज तेलाचे निरनिराळे घटक पचविणारी अनेक प्लाझ्मिडे एकत्र आणली. १९७२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट कार्यालयाने सजीवाला पेटंट देण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्ती यांच्या बाजूने लागला. पुढे ३१ मार्च १९८१ रोजी पेटंट मिळाले. या जिवाणूसाठी जनुक-पुनर्योजनाचे तंत्र वापरलेले नव्हते, ही बाब पाठ्यपुस्तकांत बहुधा निसटते. जिवाणू एकमेकांना प्लाझ्मिडे देतात त्या नैसर्गिक संयुग्मनाचाच चक्रवर्ती यांनी कौशल्याने उपयोग करून घेतला होता.

विद्यार्थी मात्र या हकिकतीतून भलताच बोध घेतात. समुद्रात तेल सांडले की प्रयोगशाळेतला हा जिवाणू सोडायचा आणि तो तेल फस्त करतो, असे चित्र त्यांच्या मनात ठसते. वस्तुस्थिती अशी की, हा जिवाणू कोणत्याही तेलगळतीवर प्रत्यक्ष वापरला गेला नाही. त्याचे ऐतिहासिक महत्त्व कायद्याच्या क्षेत्रात आहे. पर्यावरणाच्या क्षेत्रात गेल्या चार दशकांत जे साधले, ते बहुतांशी वेगळ्या वाटेने साधले. आणि त्या वाटेवरचा पहिला प्रश्न ‘कोणता जिवाणू सोडावा’ हा नसून ‘या जागी विघटन अडले आहे ते कशावाचून’ हा आहे. प्रस्तुत लेखात तीन प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. तिन्ही ठिकाणी उणीव वेगवेगळी होती, म्हणून उपायही वेगवेगळे ठरले.

अन्न आणि श्वसन

जिवाणू विषद्रव्याचे विघटन करतो ते उपकारबुद्धीने नव्हे, हे सांगण्याची खरे तर आवश्यकता नाही. परंतु लोकप्रिय लेखनात वापरल्या जाणाऱ्या ‘सफाई कामगार’ यांसारख्या उपमांमुळे ते वारंवार सांगावे लागते. कोणत्याही पेशीला ऊर्जा मिळविण्यासाठी दोन गोष्टी लागतात : इलेक्ट्रॉन देणारा एक पदार्थ आणि ते स्वीकारणारा दुसरा पदार्थ. पहिल्याला ढोबळमानाने अन्न म्हणता येईल आणि दुसऱ्याचा वापर म्हणजे श्वसन. माणसाच्या बाबतीत स्वीकारणारा पदार्थ केवळ ऑक्सिजन. जिवाणूंच्या बाबतीत मात्र नायट्रेट, सल्फेट, लोहाचे संयुग, इतकेच नव्हे तर क्लोरीनयुक्त विद्रावकसुद्धा ती जागा घेऊ शकतो.

जैवोपचाराची बरीचशी गुंतागुंत या एका भेदातून उलगडते. खनिज तेल हे जिवाणूचे अन्न असते, म्हणून त्याच्या जोडीला ऑक्सिजन लागतो. याउलट ड्राय क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे टेट्राक्लोरोएथिलीन हे विद्रावक काही जिवाणूंच्या श्वसनाला उपयोगी पडते. त्यांना अन्न दुसरे पुरवावे लागते आणि ऑक्सिजन त्यांना घातक ठरतो. एका जागी हवा फुंकणे हा उपाय, तर दुसऱ्या जागी तोच घोटाळा. प्रदूषकाच्या रेणूचा आणि त्या जागेचा अभ्यास न करता तयार जिवाणूंची पाकिटे विकत घेणे हे रोगनिदानाशिवाय औषध देण्यासारखे होय.

अलास्का : खताची उणीव

२४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ब्लाय रीफ या खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन खनिज तेल समुद्रात गेले. गोट्यांनी भरलेल्या किनाऱ्यांचे लांबच लांब पट्टे काळे झाले. गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून खडक धुण्याचे काम सुरू झाले. परंतु त्या फवाऱ्यांनी किनाऱ्यावरचे उरलेसुरले जीवही मेले.

तेल पचविणारे जिवाणू तेथे होतेच. समुद्रात तेल काही माणसानेच प्रथम सांडलेले नाही. तळाच्या भेगांतून ते अनादी काळापासून झिरपत आहे आणि त्यावर जगणारे जिवाणूही तितकेच जुने आहेत. अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा जिवाणू तर जवळजवळ केवळ हायड्रोकार्बनांवरच जगतो. मग किनाऱ्यावर तेल तसेच का राहिले? जिवाणूच्या पेशीत कार्बनच्या साधारण पाच अणूंमागे नायट्रोजनचा एक अणू असतो. तेलात कार्बनची लयलूट असते, पण पेशीला वापरता येईल असा नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो. समुद्राच्या स्वच्छ पाण्यातही तो अत्यल्प असतो. भरल्या कोठाराजवळ उपासमार व्हावी तशी ही अवस्था होती.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आणि संबंधित तेल कंपनीने मिळून जो उपाय केला तो शेतकऱ्याला सहज समजेल असा होता : खत घालणे. गोट्यांच्या पृष्ठभागावर युरिया असलेले, तेलाला चिकटून राहणारे द्रवरूप खत फवारण्यात आले आणि वाळूत हळूहळू विरघळणारे दाणेदार खत टाकण्यात आले. स्नग हार्बर येथील चाचणीत सुमारे दोन आठवड्यांतच खत फवारलेल्या पट्ट्यातील खडक शेजारच्या काळ्या पट्ट्यांच्या तुलनेत उजळ दिसू लागले. तेल केवळ धुऊन गेले असेल, अशी शंका अर्थातच उपस्थित झाली. तिचे निरसन करण्यासाठी तेलातील होपेन या घटकाचा आधार घेण्यात आला. होपेन जिवाणूंना सहजासहजी पचत नाही. तेल वाहून गेले तर होपेनही त्याच प्रमाणात जाते. जिवाणूंनी तेल खाल्ले तर मात्र इतर घटक घटतात आणि होपेन मागे राहते. या मापाने पाहता खत दिलेल्या ठिकाणी विघटनाचा वेग अनेकपटींनी वाढल्याचे दिसून आले आणि खडकांतील फटींत साचलेल्या पाण्यात नायट्रोजन किती आहे यावर हा वेग अवलंबून असल्याचेही स्पष्ट झाले. बाजारात मिळणाऱ्या जिवाणू-मिश्रणांचीही त्याच परिसरात चाचणी झाली. परंतु केवळ खतापेक्षा त्यांनी काही लक्षणीय अधिक साधले असे आढळले नाही.

अलास्काची ही कहाणी येथेच थांबविली तर ती अर्धसत्य ठरेल. २००१ साली केलेल्या पाहणीत अनेक किनाऱ्यांवर वरच्या थराखाली तेल शिल्लक असल्याचे आढळले. पुढील अभ्यासांतून असे दिसले की, या किनाऱ्यांना दोन थर आहेत. वरच्या सैल थरातून पाणी खेळते. खालच्या घट्ट थरात ते जवळजवळ पोहोचतच नाही, त्यामुळे तेथे ऑक्सिजन आणि पोषकद्रव्ये या दोहोंचीही वानवा राहते. वरून टाकलेले खत तेथपर्यंत गेलेच नाही. उणीव ओळखली, उपायही अचूक होता. पण भूगर्भाच्या रचनेने त्याची मर्यादा ठरविली.

भूजल : जिवाणूचीच उणीव

धातूचे भाग तेलकटपणा काढून स्वच्छ करण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन आणि कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगसाठी टेट्राक्लोरोएथिलीन ही विद्रावके विसाव्या शतकात जगभर वापरली गेली. दोन्ही पाण्यापेक्षा जड आहेत. जमिनीवर सांडली की ती झिरपत भूजलाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडीथोडी विरघळत राहतात. अशा खोल थरात ऑक्सिजन नसतोच म्हटले तरी चालेल.

काही अवायुजीवी जिवाणू या रेणूंवरील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात आणि त्यांच्या जागी हायड्रोजन बसवितात. चार क्लोरीनचे टेट्राक्लोरोएथिलीन, मग तीन क्लोरीनचे ट्रायक्लोरोएथिलीन, मग दोन क्लोरीनचे सिस-डायक्लोरोएथिलीन, त्यानंतर एका क्लोरीनचे व्हायनिल क्लोराइड आणि अखेर निरुपद्रवी एथिलीन, अशी ही उतरंड आहे. फळे पिकविणारा वायू तो हाच. परंतु या उतरंडीच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर धोका बसलेला आहे. व्हायनिल क्लोराइड हे मानवात कर्करोग निर्माण करणारे सिद्ध द्रव्य आहे. डिहॅलोबॅक्टर, सल्फ्युरोस्पिरिलम अशा जिवाणूंचे काम सामान्यतः मधल्या पायरीवर, म्हणजे सिस-डायक्लोरोएथिलीनपाशी थांबते. अन्यत्र व्हायनिल क्लोराइड साचते. अशा वेळी मूळ प्रदूषकाचे प्रमाण घटल्याचा अहवाल शंभर टक्के खरा असतो आणि विहिरीचे पाणी पूर्वीपेक्षा अधिक घातक झालेले असते. जैवोपचाराच्या संपूर्ण क्षेत्रात याहून मोठा इशारा क्वचितच सापडेल. ‘विघटन झाले’ एवढे विधान अपुरे आहे. विघटन होऊन काय तयार झाले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उतरंडीच्या तळापर्यंत जाणारा जिवाणू १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून प्रकाशात आला. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील सांडपाण्याच्या गाळापासून वाढविलेल्या संवर्धनातून कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तो वेगळा केला. २०१३ पासून त्याला डिहॅलोकोकॉइडिस मॅककार्टी या नावाने ओळखले जाते. या जिवाणूचा स्वभाव विलक्षण एकमार्गी आहे. अन्न म्हणून त्याला फक्त हायड्रोजन चालतो, कार्बनसाठी अ‍ॅसिटेट लागते, श्वसनासाठी क्लोरीनयुक्त किंवा तत्सम हॅलोजनयुक्त संयुगच हवे असते, आणि बी-१२ जीवनसत्त्व तो स्वतः तयार करू शकत नाही. हायड्रोजन, अ‍ॅसिटेट आणि जीवनसत्त्व या तिन्ही गोष्टी शेजारचे अन्य जिवाणू पुरवितात. एकट्या शुद्ध संवर्धनात तो मंदपणे वाढतो, समूहात जोमाने वाढतो. शुद्ध संवर्धनालाच विज्ञान मानणाऱ्या परंपरेला या जिवाणूने दिलेला धडा दूरगामी आहे.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील केली हवाई तळावर झालेला व २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तेथील भूजलात जिवाणूंचे अन्न म्हणून मिथेनॉल आणि अ‍ॅसिटेट सोडण्यात आले. टेट्राक्लोरोएथिलीन घटले, परंतु सारे काही सिस-डायक्लोरोएथिलीनपाशी येऊन अडले. १७६ व्या दिवशी डिहॅलोकोकॉइडिस असलेले केबी-१ हे मिश्र संवर्धन केवळ १३ लिटर सोडण्यात आले. त्यानंतर २०० दिवसांच्या आत निरीक्षण विहिरींतील टेट्राक्लोरोएथिलीन, ट्रायक्लोरोएथिलीन व सिस-डायक्लोरोएथिलीन यांचे प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आले आणि त्यांच्या जागी एथिलीन मिळाले. ज्या तुलना-क्षेत्रात हे संवर्धन सोडले नव्हते, तेथे प्रक्रिया अडलेलीच राहिली. अलास्कात बाहेरचे जिवाणू निरुपयोगी ठरले. येथे त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. दोहोंत विसंगती मुळीच नाही. अलास्कात उणीव खताची होती, टेक्सासमध्ये नेमक्या एका जिवाणूची.

एचसीएच : आकाराची अडचण

भारताच्या दृष्टीने सर्वाधिक जिव्हाळ्याचे उदाहरण हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन अथवा एचसीएच या कीटकनाशकाचे आहे. शेतकरी ते ‘बीएचसी’ या नावाने ओळखत. घराच्या कोपऱ्यात मुंग्यांसाठी टाकली जाणारी ‘गॅमेक्झिन’ची पूड मध्यमवयीन वाचकांना आठवत असेल. बेंझिनवर क्लोरीनची क्रिया करून ते तयार होते, परंतु एकाच सूत्राचे अनेक समघटक एकदम बनतात : अल्फा सुमारे ६० ते ७० टक्के, बीटा ५ ते १२ टक्के, गॅमा १० ते १५ टक्के, शिवाय डेल्टा इत्यादी. कीटक मरतात ते प्रामुख्याने गॅमा समघटकाने. तोच शुद्ध स्वरूपात ‘लिंडेन’ म्हणून विकला जाई आणि एक टन लिंडेनमागे ८ ते १२ टन निरुपयोगी समघटक मागे उरत. ते कोठे जात? कारखान्याच्या आसपासच्या मोकळ्या जमिनीवर. भारतात तांत्रिक प्रतीच्या एचसीएचवर १९९७ साली बंदी आली. २००९ साली स्टॉकहोम करारात लिंडेनसह अल्फा व बीटा समघटकांचा समावेश झाला. भारतात लिंडेनचे उत्पादन २०११ पासून आणि वापर २०१३ पासून बंद झाला. बंदीने उत्पादन थांबते, जमिनीतले ढीग नव्हे.

लखनौनजीकच्या उम्मरी येथील अशाच एका ढिगाचा अभ्यास दिल्ली विद्यापीठातील रूप लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केला. ढिगाच्या जागी मातीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४५० मिलिग्रॅम एचसीएच आढळले. म्हणजे ती माती माती उरलीच नव्हती. तरीही त्या मातीत जिवाणू होते, आणि स्फिंगोमोनाड गटाचे प्राबल्य तेथे ठळकपणे दिसून आले. एचसीएच तोडणाऱ्या ‘लिन’ जनुकांचे प्रमाणही जसजसे ढिगाजवळ जावे तसतसे वाढत होते. ही जनुके प्लाझ्मिडांवर आणि आयएस-६१०० या फिरत्या जनुकखंडाच्या सान्निध्यात आढळतात; त्यामुळे ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात. एचसीएचचा मोठा वापर विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. एवढ्या अल्पावधीत ही जनुके निरनिराळ्या देशांतील जमिनींत स्थिरावली, ही उत्क्रांतीच्या अभ्यासकांनाही विचार करायला लावणारी बाब आहे.

मग जिवाणू आहेत, जनुके आहेत, तरी ढीग का उरतो? यामागचे एक कारण निव्वळ भूमितीचे आहे. सायक्लोहेक्झेनचे कडे सपाट नसते, खुर्चीसारखे वाकलेले असते. त्यावरील प्रत्येक क्लोरीन अणू एकतर कड्याला उभा असतो किंवा बाजूला आडवा पसरलेला असतो. लिन-ए हे विकर रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरीन यांची जोडी काढते, परंतु त्यासाठी शेजारच्या दोन कार्बनांवर ही जोडी परस्परविरुद्ध दिशांना उभी असावी लागते. गॅमा समघटकात तीन क्लोरीन उभे असतात, अल्फात दोन. बीटामध्ये एकही नाही, सहाही आडवे. लिन-एला बीटाच्या रेणूत पकडायला जागाच मिळत नाही. भारतीय शेतजमिनीतून मिळालेल्या स्फिंगोबियम इंडिकम बी-९०-ए या जिवाणूतील लिन-बी हे दुसरे विकर बीटावर क्रिया करू शकते. परंतु ते क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवून बव्हंशी तेथेच थांबते. रेणू बदलतो, नष्ट होत नाही. बीटा समघटक चरबीत साठतो आणि शरीरात सर्वाधिक काळ टिकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आडव्या सहा अणूंचे गांभीर्य ध्यानी येते.

याच गटाने बी-९०-ए हा जिवाणू दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीवर वाढवून प्रदूषित मातीत मिसळण्याचे प्रयोग केले. अशा मातीत एचसीएचचे प्रमाण जिवाणू न मिसळलेल्या मातीपेक्षा लक्षणीय वेगाने घटले. भुकटीची निवड अर्थपूर्ण आहे : ती स्वस्त आहे, ओल धरते आणि नव्या जागी जिवाणूला पहिले काही दिवस तग धरण्यास आधार देते. मात्र मध्यम प्रदूषित शेतातील यश निम्मे वजन एचसीएचचे असलेल्या ढिगाला जसेच्या तसे लागू होत नाही. तेथे द्रव्य स्फटिकरूपात असते आणि जिवाणू केवळ पाण्यात विरघळलेला अंशच घेऊ शकतो. अशा ढिगाचा गाभा उचलून सुरक्षित भस्मीकरण करणे आणि सभोवतालच्या विस्तीर्ण, कमी प्रदूषित जमिनीवर जिवाणू वापरणे, ही विभागणी अधिक व्यवहार्य दिसते.

धातूंविषयी थोडे

धातूंचे विघटन होत नाही, कारण मूलद्रव्य तोडता येत नाही. जिवाणू षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम करू शकतात. ते कमी विषारी व कमी विद्राव्य असल्याने जागीच बसून राहते. परंतु धातू तेथेच असतो आणि परिस्थिती पालटली तर पुन्हा रूप बदलू शकतो. कातडी कमावण्याच्या किंवा विद्युत्-विलेपनाच्या कारखान्यांच्या संदर्भात ‘जिवाणूंनी क्रोमियम नष्ट केले’ असे विधान विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आढळल्यास ते तेथेच दुरुस्त केले पाहिजे.

पुराव्याचा प्रश्न

चंचुपात्रात आठ दिवसांत प्रदूषक नव्वद टक्के घटले, अशा आशयाचे शोधनिबंध महाविद्यालयीन स्तरावर पुष्कळ प्रसिद्ध होतात. प्रदूषक घटण्याची कारणे अनेक असतात : ते हवेत उडून जाते, काचेला किंवा मातीच्या कणांना चिकटते, पाण्याने पातळ होते. जिवाणू मारून ठेवलेले तुलना-पात्र सोबत नसेल तर त्या नव्वद टक्क्यांतील जिवाणूंचा वाटा किती, हे सांगता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९३ साली प्रत्यक्ष जागेवरील जैवोपचारासाठी तीन प्रकारचे पुरावे एकत्र मागितले : प्रदूषक खरोखर घटल्याची नोंद, तेथील जिवाणूंत विघटनाची क्षमता असल्याची प्रयोगशाळेतील खातरजमा, आणि ही क्षमता त्या जागी प्रत्यक्षात वापरली जात असल्याची खूण.

तिसरा पुरावा सर्वांत कठीण. भूजलातील क्लोरीनयुक्त विद्रावकांसाठी कार्बनच्या समस्थानिकांचा उपयोग येथे होतो. कार्बन-१२ चा बंध कार्बन-१३ च्या बंधापेक्षा किंचित सहज तुटतो. म्हणून विघटन चालू असेल तर उरलेल्या प्रदूषकात कार्बन-१३ चे प्रमाण हळूहळू वाढत जाते. पावसाचे पाणी मिसळून प्रदूषक केवळ पातळ झाले असेल तर हे गुणोत्तर तसेच राहते. हे मापन खर्चिक आहे आणि त्याची उपकरणे मोजक्याच संस्थांत असतात. तुलना-पात्राला मात्र निर्जंतुकीकरणाच्या एका फेरीपलीकडे काही लागत नाही, आणि निर्जंतुकीकरणाचे यंत्र महाविद्यालयाच्या प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असते.